सरस्वतीला अजूनही 'काल्पनिक' का म्हणायचं?

धरमपेठकर:
लहानपणी प्रयागला आजीनं रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवलं होतं, "तिसरी इथं आहे, हात जोड." परवा एका लग्नात एक जण म्हणाले, ती कवींची कल्पना. मला राहवलं नाही. 2019 मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. पंजाब-हरियाणातून वाहणारी घग्गर म्हणजेच जुनी सरस्वती, असं बरेच जण मानतात. तिच्या पात्राखाली करडी, अभ्रकानं चमकणारी वाळू आहे, थेट उंच हिमालयातली. 9,000 ते 4,500 वर्षांपूर्वी नदी बारमाही होती, असा त्यांचा निष्कर्ष. अजून काय पुरावा पाहिजे?

बोअरवाला:
काका, घाई नका करू. हिमालयातून येणारी सतलज पूर्वी घग्गरच्या पात्रातून वाहायची; ती वाट तिनं 8,000 वर्षांपूर्वीच सोडली, असं 2017 चा अभ्यास सांगतो. कालीबंगनसारखी हडप्पाकालीन गावं त्या सोडलेल्या खोऱ्यात वसली. मोठी नदी सारखी अंगावर येत नव्हती म्हणूनच तिथं वस्ती टिकली. घग्गर पावसावर जगणारी नदी होती.

महालची लेक:
पावसावरची नदी म्हणजे नदी नाही का हो? सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पहाटे आमच्या मावशीच्या पलंगाखाली पाणी होतं. ज्या नागनदीला आपण नाला म्हणतो, तिचंच. त्याच वर्षी जुलैत घग्गरनंही पंजाब-हरियाणात गावं बुडवली. आणि ऋग्वेदातल्या नदीसूक्तातला क्रम बघा: गंगा, यमुना, सरस्वती, शुतुद्री म्हणजे सतलज. यमुना आणि सतलज यांच्यामध्ये आज घग्गरच आहे. न पाहता एवढा नेमका क्रम लागतो का?

बोअरवाला:
जागा मान्य, ताई. माझा वाद काळाशी आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र विपाश-शुतुद्रीच्या संगमाशी बोलतात. म्हणजे तेव्हा सतलज बियासला मिळत होती, सरस्वतीला नाही. शिवाय बहुतेक अभ्यासक ऋग्वेद साधारण 3,500 वर्षांपूर्वीचा मानतात. तोवर बारमाही प्रवाह संपून हजार वर्षं झाली होती. हे गणित कसं जुळवायचं?

धरमपेठकर:
काळ मागे न्या, जुळतं.

बोअरवाला:
एका नदीसाठी अख्ख्या ग्रंथाचा काळ सरकवायचा? हे नाही पटत बाप्पा.

महालची लेक:
सरकवू नका. पुढच्या ब्राह्मणग्रंथांत 'विनशन' येतं, वाळवंटात सरस्वती लुप्त होते ती जागा. महाभारतात बलराम तिथं जातो. आटत चाललेली नदी त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती, असं मला वाटतं. म्हातारीचं तरुणपणचं रूप लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तसं थोरपण गाण्यांत राहिलं असेल.

बोअरवाला:
हे मात्र विचार करण्यासारखं आहे. पण मग काका, 'हिमनदीतून आलेली महानदी' एवढं तुमच्या पोस्टमधून काढा.

धरमपेठकर:
महानदी मी म्हटलंच नाही. बारमाही म्हटलं, आणि ते नाही काढत.