मासे आधी कडक गोठवा, मग सील करा

भाऊ, कोयनेचे मासे आणि गावठी कोंबडी ठेवायला कुठलं व्हॅक्यूम सीलर (पिशवीच्या तोंडातून हवा ओढून ते चिकटवणारं मशीन) घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. मी साताऱ्यात तीन वर्षं वापरतोय. वॅटचे आकडे बघत बसू नका. सीलची पट्टी किती रुंद आहे आणि ओल्या मालासाठी वेगळं बटण आहे का, ते बघा. माझ्या पहिल्या मशीनला ते नव्हतं. कटल्याच्या तुकड्यांचं पाणी ओढलं गेलं, पिशवीचं तोंड ओलं झालं आणि सील चिकटलंच नाही. आता तुकडे ताटात पसरून दोन-तीन तास फ्रीजरला ठेवतो, मगच पॅक करतो. अशा मशीनला पिशवी आतून खडबडीत नक्षीचीच लागते. कोंबडीचं हाड टोचून पिशवी फुटते, तिथं बटर पेपरची घडी घाला.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू हवेविनाच वाढतात, त्यातले काही फ्रिजच्या ४ अंशांतही. म्हणून पॅक केलेला मासा उणे १८ लाच ठेवा, आणि वितळवायला खाली काढाल तेव्हा आधी पिशवी कापा. घरात वहिनींनाही हे आवर्जून सांगा.