३ बिघे ५ पांड म्हणजे नक्की किती गुंठे?

दादरकर: मंडळी, आजोबांच्या पेटीत गावच्या जमिनीचा जुना कागद सापडलाय, त्यात ३ बिघे ५ पांड लिहिलंय आणि आज सातबाऱ्यावर त्याच जमिनीला ०.८१.४० हे.आर. (० हेक्टर ८१.४० आर) आहे. नेटवर बिघा टाकला तर दर साइटवर वेगळाच आकडा येतो. काका तर ठाम आहेत की कुणीतरी बांध सरकवला. खरंच जमीन कमी झालीय का?

काठीपुराण: नेटवरचे कन्व्हर्टर सोडा, ते यूपी नाहीतर गुजरातचा बिघा धरतात. आपल्याकडे २० चौरस काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर. शिवशाही काठी ५ हात ५ मुठींची, म्हणजे अंदाजे ९ फूट, पण हात कुणाचा नि मूठ कुणाची हे विचारायचं नाही 😄 ९ फूट धरली तर पांड १६२० चौ.फूट, तुमचे ६५ पांड जवळपास ९७ गुंठे. सातबाऱ्यावर आहेत साधारण ८०. आता तीच काठी ८ फूट अडीच इंच धरून बघा, ८०च येतात! काठीत साडेनऊ इंचांचा फरक पण लांबी-रुंदी दोन्हीकडून लागतो ना, म्हणून १६ गुंठ्यांचं भांडण.

मोजणीवाला: हिशोब बरोबर पण हे भावकीत पुरावा म्हणून चालणार नाही. इंग्रजांनी १८३५ला इंदापूरपासून सर्व्हे सुरू केला, मग ३३ फुटी साखळी आली, तिचे १६ भाग म्हणजे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौ.फूट, हाच गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. साखळीपण वापरून वापरून लांबायची, तरी हात-मुठीपेक्षा बरी. तुम्ही भूमी अभिलेखमधून आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र नि साऱ्याची नोंद) आणि टिपणाची (मोजणीच्या वेळच्या मापांच्या कच्च्या नकाशाची) नक्कल काढा, ते सातबाऱ्याशी जुळतं का बघा, आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, धरलाय की नाही तेही. तिथे फरक निघाला तरच मोजणीचे पैसे भरा, बिघ्यावरून बांधावर जाऊ नका.

गिरगाव_चाळ: आमच्या मालकाच्या जुन्या कागदात सगळं चौरस वारात आहे. १ गुंठा = १२१ चौरस वार, एकदम पूर्ण आकडा. मुंबईत हे पांड-बिंड कुणाला माहीत, इथे सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर सांगा नि चौ.फुटाचा भाव विचारा.

दादरकर: धन्यवाद, आकारबंदाला अर्ज टाकतो. काठीचा हिशोब काकांना समजावायला मात्र काठीपुराण, तुम्हीच या.