प्रतिसाद: कान्हेरीला लहान मुलं कंटाळतात?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुलांना घेऊन जायचं तर टॉय ट्रेनपुरतंच, तिथल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर ती कंटाळतात, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय. मला हे पटत नाही. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर लांब आहेत आणि तो डांबरी रस्ता मुलांबरोबर चालण्यात अर्थ नाही, हे मान्य. पण तिथपर्यंत बस जाते, चालणं खरं वरच सुरू होतं. बहुतेक जण तीन नंबरच्या लेण्यातला मोठा चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) बघतात आणि मागे फिरतात. तसं करू नका, पायऱ्यांनी झाडीतून वर जा.

वर शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळपास प्रत्येकीजवळ खडकात खोदलेली पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, आहे. पावसाचं पाणी तिथे वळवायला कातळात बोटा-दोन बोटांच्या पन्हळी कोरल्यात. माझ्या सात वर्षांच्या मुलीने बाटलीतलं घोटभर पाणी एका पन्हळीत ओतलं, ते वळणं घेत थेट पोढीच्या तोंडाशी गेलं! मग पुढचा दीड तास ती पन्हळीच शोधत होती, एकदाही "उचलून घे" म्हणाली नाही. पावसाळ्यात याच पन्हळी वाहताना दिसतात, फक्त कातळ निसरडा असतो, मुलांचा हात सोडू नका. खाऊ पिशवीत तळाशी ठेवा, माकडं झडप घालतात. आणि सोमवारी उद्यान बंद असतं.