वर्गसमीकरण: सूत्र घोटून मोकळं व्हायचं का?

खडूफळा: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "दहावीच्या पोरांना वर्गसमीकरण समजावत बसू नका, सूत्र घोटून घ्या, मार्क मिळतात." डोकंच फिरलं. क्ष² − १४क्ष + ४५ = ० द्या. मुळांची, म्हणजे क्षच्या दोन किमतींची, बेरीज १४ आणि गुणाकार ४५. बेरजेचे निम्मे ७. एक मूळ ७ पेक्षा जेवढं कमी, तेवढंच दुसरं जास्त. ते अंतर 'म' धरा. (७ − म)(७ + म) = ४९ − म² = ४५, म्हणजे म = २. मुळं ५ आणि ९. सूत्रात ± कुठून येतं, ते पोरगं मग स्वतःच सांगतं.

दहावीची_आई: छान! "सूत्राचा वापर करून सोडवा" या प्रश्नाला माझी मुलगी असंच काहीतरी लिहून आली. उत्तर बरोबर, मार्क भोपळा. त्याचं काय करायचं?

शेवटचाबाक: ते लिहिणारा मीच. सर, माझ्या वर्गात ७० पोरं. ऋण गुणिले ऋण आलं की निम्मी गळतात, ४५ चे अवयव विचारले की बोटं मोजतात. तुमचा 'म' कुणाला शिकवू?

जुनीपाटी: पाढेच नाहीत, दुसरं काय! आम्ही पावकी, निमकी, अडीचकी म्हणायचो, चुकलं की छडी.

हिशेबी: आली छडी! माझ्या काकांना पावकी तोंडपाठ होती. बाजारात वाणी त्यांना वचकून असायचा. बीजगणितात दोनदा आपटले.

जुनीपाटी: तुमच्या काकांवरून पाढे मोडीत काढायचे? पाढे येणाऱ्यालाच ४५ मध्ये ९ आणि ५ दिसतात.

हिशेबी: आणि छडी खाल्लेल्याला आयुष्यभर फक्त छडी दिसते. माझ्या बहिणीने गणितच सोडलं.

खडूफळा: पाढे हवेतच, भांडू नका. पण क्ष² − ४क्ष − १ = ० ला पाढे लावून दाखवा. इथे निम्मे २, ४ − म² = −१, मुळं २ ± √५.

जुनीपाटी: आणि क्ष² चा सहगुणक १ नसेल तर? श्रीधराचार्यांची रीत बघा: अक्ष² + बक्ष + क = ० ला ४अ ने गुणा, दोन्हीकडे ब² मिळवा, क पलीकडे न्या. डावीकडे (२अक्ष + ब)², उजवीकडे ब² − ४अक. वर्गमूळ घेतलं की तुमचं सूत्र. भास्कराचार्यांनीही तिचा दाखला दिलाय. तुमचा 'म' काही नवा नाही.

खडूफळा: नवा आहे म्हटलं कोणी? पण आभार. छडी न उगारता सूत्र समजावलंत की!

जुनीपाटी: टोमणे नकोत.

शेवटचाबाक: बरं बाबा, शनिवारच्या जादा तासाला 'म' घेतो. नंतर ७० वह्या तपासायला तुम्ही दोघं या.