'मोबाईल असताना मासेमारीला कॅमेरा नेणारा येडा' असं म्हणणाऱ्या भावासाठी

हरिपूरचा गळवाला:
परवा एकानं लिहिलं, "पन्नास मेगापिक्सेलचा वॉटरप्रूफ मोबाईल खिशात असताना गळ टाकायला वेगळा कॅमेरा नेणारा येडाच. पैसे जास्त झालेत." खाली टाळ्या वाजवणारेही बरेच. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण जमेना.

भावा, तू कधी चिखलात उभा राहिलायस का? वारणा कृष्णेला मिळते तिथं या. एका हाताला कणकेचा गोळा, दुसऱ्याला माशाचा चिकटा. त्या हातानं टचस्क्रीन चालवून दाखव. स्क्रीनवर चार थेंब पडले की फोनला वाटतं चार बोटं लागली. मासा फडफडतोय आणि फोन पासवर्ड मागतोय.

आता तुझं ते आयपी६८, म्हणजे फोन पाणी-धूळ किती सोसतो त्याचा दर्जा. ती चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ गोड्या स्थिर पाण्यात, कोऱ्या फोनवर होते. किती खोल आणि किती वेळ, हे कंपनीच ठरवते. फोन दोनदा फरशीवर आपटला की पाणी अडवणारं आतलं सील तसंच राहिलं असेल याची हमी कोण देणार? पाणी गेलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. वॉटरप्रूफ म्हणून विकायचं आणि पाणी शिरलं की हात वर करायचे.

माझ्याकडं ऑलिम्पसचा टीजी-६ हा दणकट, म्हणजे टफ, कॅमेरा आहे, २०१९ सालचं मॉडेल. १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तर सोसतो, १०० किलोचा दाब घेतो. उणे १० अंशाचंही लिहिलंय, ते आपल्या सांगलीत काय कामाचं! पण बटणं खरी आहेत, ओल्या हातानं दाबता येतात. बुडाला तर कॅमेरा बुडेल. फोन बुडाला तर बँक, पैसे, बायकोचा नंबर सगळंच बुडतं.

मिरजेचा पिक्सेलपंडित:
तो लिहिणारा मीच. नाव घ्यायला लाजू नका.

तुमच्या टफ कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, १/२.३ इंच. १२ मेगापिक्सेल. झूम चारपट. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो. दिवस मावळला की तुमच्या फोटोत माशाचे खवले दिसतात का रवा सांडलाय तेच कळत नाही. तुम्ही पैसे मोजलेत ते रबराच्या सीलचे, फोटोचे नाहीत. मी फोन प्लॅस्टिकच्या वॉटरप्रूफ पिशवीत घालतो, गळ्यात अडकवतो, संपला विषय.

आणि ते सील. माझ्या मेव्हण्यानं असलाच एक टफ कॅमेरा घेतला होता, कंपनी सांगत नाही. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला, मग कण्हेर धरणावर तसाच तापलेला पाण्यात घातला. आतली हवा एकदम थंड होऊन आकसली आणि सीलमधून पाणी ओढलं गेलं. लेन्सच्या आत धुकं. वॉरंटी? तिथंही हात वरच.

हरिपूरचा गळवाला:
तापलेला कॅमेरा गार पाण्यात घालायचा नसतो. बॅटरी-कार्डाच्या दाराच्या रबराला वाळूचा कण किंवा केस चिकटला तरी पाणी जातं, म्हणून दार बंद करताना रबर पुसायचं, वर्षातनं एकदा सील बदलून घ्यायचं. मेव्हण्यानं पुस्तिका वाचली होती का?

मिरजेचा पिक्सेलपंडित:
पुस्तिका वाचून मासे धरायचे असतील तर मत्स्यशास्त्राची पदवीच घेतो की. फोटो काढायला इतका सोपस्कार लागत असेल तर तो 'भरवशाचा' कसा?

मायणीचा बगळा:
दोघंही चूक. पाण्यावर जाऊन फक्त मासाच बघणारी माणसं तुम्ही. येरळवाडीला या, मायणीच्या तलावावर या. चारपट झूममध्ये रोहित पक्षी म्हणजे गुलाबी ठिपका. माझ्याकडं निकॉनचा पी९०० आहे, ८३ पट झूम. पलीकडच्या काठावरचा खंड्या चोचीत काय धरून बसलाय ते दिसतं.

हरिपूरचा गळवाला:
आणि पावसाची सर आली की?

मायणीचा बगळा:
छत्री. आमच्या माणदेशाकडं पाऊस येतो तरी किती?

पाचगणीची पायवाट:
छत्रीवाल्यांनी जरा आमच्या घाटमाथ्यावर चार महिने काढून दाखवावेत. इथं पाण्यात बुडण्याआधी हवेतच बुडतो माणूस. माझी चांगली लेन्स कपाटात, चामड्याच्या केसमध्ये होती. गणपतीत बाहेर काढली तर आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाला म्हणाला, काचेचा थर खाल्ला. चामडं ओल धरून ठेवतं, तेव्हा त्या केसमध्ये कॅमेरा ठेवणाऱ्याला आधी समजवा. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्के. तांदळाच्या डब्यात नको, तांदळाचा भुगा बटणात जातो.

त्यामुळं माझं मत गळवाल्यांच्या बाजूनं, पण वेगळ्या कारणानं. कासच्या पठारावर रिमझिम चालू असताना गुडघ्यावर बसून सीतेची आसवं ही इवली फुलं टिपायची तर टीजीचा १ सेंटीमीटरवरून फोकस करणारा मोड कामी येतो. पावसात लेन्स बदलत बसावं लागत नाही, हाच मोठा फायदा.

निवृत्त मास्तर, कऱ्हाड:
माझा जुना कॅनन ए सिरीज. दोन पेन्सिल सेल. कुठल्याही टपरीवर मिळतात. तुमची ती खास बॅटरी संपली की बामणोलीत काय करणार?

पाचगणीची पायवाट:
मास्तर, दुसरी बॅटरी खिशात ठेवणार.

कोयनाकाठ:
कॅमेऱ्याचं नंतर. या गळवाल्यांचे फोटो बघून माझं डोकं फिरतं, ते आधी बोलतो. टीजी-६ मध्ये जीपीएस आहे. चालू ठेवून मासा टिपला की जागेचे अक्षांश-रेखांश फोटोतच बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती गळते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. आमच्या खालच्या डोहाचं हेच झालं. एकानं मोठ्या मरळीचा फोटो 'ओरिजिनल क्वालिटी'त, म्हणजे डॉक्युमेंट म्हणून, गटावर टाकला. पुढच्या आठवड्यात बाहेरगावची पोरं जाळी घेऊन हजर. त्यानंतर रात्री जिलेटिनचा आवाज. १८९७ च्या कायद्यापासून स्फोटकं लावून मासे मारणं गुन्हा आहे, पण रात्री डोहावर कोण उभं राहणार?

मिरजेचा पिक्सेलपंडित:
म्हणजे दोष कॅमेऱ्याचा? फोनमध्येही लोकेशन असतं, मी बंद करतो. दोन सेकंदाचं काम आहे.

कोयनाकाठ:
दोष फुशारकीचा आहे. मासा गळाला लागला की आधी गटावर टाकायचा आणि मग पिशवीत. आणि काहीजण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकून वर फोटो डकवतात. व्याघ्र प्रकल्प होऊन इतकी वर्षं झाली. पुरावा स्वतःच देतात, खुळी माणसं.

हरिपूरचा गळवाला:
मी संगमावर बसतो, अभयारण्यात नाही. उगाच सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

कोयनाकाठ:
मग मागच्या जूनमध्ये 'चढणीचे मासे' म्हणून पोतंभर अंडीवाल्या माशांचा फोटो कुणी टाकला होता? टीजीनंच काढलेला, खाली अभिमानानं लिहिलं होतं.

हरिपूरचा गळवाला:
पोतं माझं नव्हतं. फोटो माझा होता. चढणीचे मासे आपले आजे-पणजे खात आलेत, पहिल्या पावसाच्या पाण्याला अख्खा गाव नदीवर उतरायचा.

कोयनाकाठ:
आजे-पणज्यांच्या वेळी नायलॉनची बारीक जाळी नव्हती. रोहू-कटल्याला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, म्हणूनच ते पुरात वर चढतात. तेवढ्यात तुम्ही ओढ्याच्या तोंडाला जाळं लावता. एका मादीच्या पोटात लाखभर अंडी असतात. मग वर तोंड करून विचारता, नदीत आता चिलापीच (तिलापिया) का लागते? चिलापी १९५२ साली देशात आणली. ती साचलेल्या पाण्यात वीण घालते, पिल्लं तोंडात सांभाळते, तिला पुराची गरज नाही.

वारणेचं पाणी:
सगळा दोष जाळ्यावर ढकलू नका. साखर कारखान्यांची मळी सुटली की काठाला मेलेले मासे तरंगतात, तेव्हा कुणाचा कॅमेरा बाहेर निघत नाही. आणि नदीत दर पाच-दहा किलोमीटरवर बंधारा. जूनमध्ये बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेवर काढले नाहीत तर मासा चढणार कुठनं?

कोयनाकाठ:
बरगे काढायला उशीर होतो, मान्य. म्हणून पोतं भरायचं?

मिरजेचा पिक्सेलपंडित:
अहो, कॅमेऱ्याच्या धाग्यावर कॅमेऱ्यावर बोला.

वारणेचं पाणी:
पंडित, तुम्ही पिशवीत घातलेल्या फोननं मळीचा फोटो काढा, मग बोलू.

मिरजेचा पिक्सेलपंडित:
काढलाय. मागच्या उन्हाळ्यात. तक्रारीला जोडला, पोच आली, पुढं काही नाही. आणि हो, पिशवीचं प्लॅस्टिक आतनं घामेजलं होतं, फोटो पुसट आला. हसा आता.

हरिपूरचा गळवाला:
हसत नाही. साधा उपाय सांगतो, टीजीला अडॅप्टर लावून ४०.५ मिमीचा पोलरायझर बसवता येतो. पाण्यावरची चकाकी गेली की वरचं आभाळ न येता खालचा मासा, मळी, जे असेल ते दिसतं. पुढच्या वेळी हाक मारा, माझा कॅमेरा घेऊन येतो.

कोयनाकाठ, जीपीएस मी बंद केलाय. तुमच्या सांगण्यावरून नाही, बॅटरी खातो म्हणून. जूनमध्ये अंडीवाल्या माशांचा फोटो टाकणार नाही. खाणार का नाही ते माझ्या घरचं.

कोयनाकाठ:
न खाण्याचं वचन मागितलंच नव्हतं. अंडी घालून होईपर्यंत थांबा एवढंच. थांबणार नाही, माहीत आहे.

मिरजेचा पिक्सेलपंडित:
बरं, एक सरळ प्रश्न. मुळात पटलेलं नाही, पण मेव्हणा परत विचारतोय. असला कॅमेरा जुना घ्यावा का? मिरजेत एकजण टीजी-५ विकतोय.

हरिपूरचा गळवाला:
पाण्यासाठी जुना घेऊ नका. आधीच्या मालकानं सील कधी बदललं, कितीदा आपटला, बाहेरून काही कळत नाही. दाराच्या कडेला ओरखडा किंवा कडीजवळ हिरवट डाग दिसला तर तिथूनच माघारी फिरा. कोरडं वापरणार असाल तर चालेल, पण मग तुमचा फोनच बरा, हे मीही म्हणतो. नवा घ्यायचा तर २०२३ चा टीजी-७ बघा, त्यावर आता ऑलिम्पस नाही, ओएम सिस्टम असं नाव आहे. त्याला टाइप-सी केबल चालते. सोबत तरंगणारा पट्टा घ्याच, कारण हे कॅमेरे बुडून बिघडत नसले तरी दगडासारखे तळाला जातात, आणि कृष्णेच्या गढूळ पाण्यात हुडकणार कोण?

मिरजेचा पिक्सेलपंडित:
म्हणजे पट्टा वेगळा, अडॅप्टर वेगळा, पोलरायझर वेगळा, दरसाल सील वेगळं. मेव्हण्याला पिशवीच पाठवतो.