मदत हवी आहे: गटात वाचतात सगळे, बोलत कुणीच नाही

नमस्कार. गणित शिकवणाऱ्या आम्हा ६२ शिक्षकांचा एक ऑनलाइन गट आहे. दीड वर्ष झालं. सुरुवातीला उत्साह दांडगा होता, आता मात्र उरलंय फक्त वर्कशीटचं वाटप. कुणीतरी पीडीएफ टाकतं, पंधरा अंगठे येतात, विषय संपतो.

माणसं कामातून कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडलेली कल्पना मी वाचली आहे. शिंप्याकडचा उमेदवार आधी बटणं लावतो, काठ शिवतो, आजूबाजूचं काम बघतो आणि हळूहळू कापड बेतण्यापर्यंत पोचतो. म्हणजे कडेला बसणं हेही शिकणंच. त्यामुळे गप्प राहणाऱ्यांना मी आळशी म्हणत नाही (मी स्वतः दुसऱ्या एका गटात वर्षभर मुका होतो!). पण शिंप्याच्या दुकानात उसवलेली शिवणही दिसते. आमच्याकडे फक्त इस्त्री केलेले कपडे येतात.

मागच्या महिन्यात मी माझा अपूर्णांकांचा फसलेला तास लिहून टाकला. मुलं १/३ + १/४ चं उत्तर २/७ का काढतात, ते मला सोडवता आलं नव्हतं. गटात शांतता. नंतर तिघांचे खासगी मेसेज आले: "आमचंही असंच होतं."

तर प्रश्न असा की फसलेलं काम चारचौघांत मांडायची सवय तुम्ही गटाला कशी लावली? चार-पाच जणांचे छोटे उपगट केले का? आणि मुळात मोठ्या गटात मुख्याध्यापक असावेत की नसावेत? आमच्याकडे आहेत, आणि मला वाटतं घोडं तिथेच अडतंय.