मदत हवी आहे: बिड कपॅसिटी काढताना हातातलं काम पूर्ण धरायचं की फक्त मुदतीपुरतं?

नमस्कार मंडळी. मी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीकृत कंत्राटदार आहे. आजवर 33:33:34 च्या वाटपातून (मजूर संस्था, आम्ही बेरोजगार अभियंते आणि खुला वर्ग यांच्यात सरकारी कामांची टक्केवारीने वाटणी) आमच्या वाट्याला आलेली छोटी कामं केली. आता पहिल्यांदाच खुल्या वर्गातलं सार्वजनिक बांधकाम विभागाचं रस्ता सुधारणेचं बी-1 टेंडर (अंदाजित किमतीच्या किती टक्के कमी-जास्त, असा दर भरायचं) भरतोय. अंदाजित किंमत 68 लाख, मुदत पावसाळा धरून 9 महिने. भरायला आठ दिवस उरलेत.

बिड कपॅसिटी, म्हणजे मी किती रकमेचं काम पेलू शकतो ते, अंदाजित किमतीपेक्षा कमी आली तर अपात्र. तिचं सूत्र टेंडरमध्ये असं दिलंय: ए × एन × 2 − बी. ए म्हणजे गेल्या पाच वर्षांतली सर्वाधिक उलाढाल, एन म्हणजे या कामाची मुदत वर्षांत, बी म्हणजे हातात असलेल्या कामांची किंमत. माझी सर्वाधिक उलाढाल 62 लाख, दोन वर्षांपूर्वीची. एन 0.75 धरला तर 93 लाख येतात.

अडतंय ते बी पाशी. शाळेच्या खोल्यांचं एक काम चालू आहे. त्यातलं 30 लाखांचं बाकी आहे आणि त्याला अजून 12 महिने मुदत आहे. पूर्ण 30 वजा केले तर 63 उरतात, म्हणजे मी अपात्र. पुढच्या 9 महिन्यांत होणारं तेवढंच धरलं तर 22.5 वजा होऊन 70.5 राहतात, म्हणजे पात्र.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका टेंडरला मी पूर्ण रक्कम लिहिली आणि लिफाफा क्रमांक 1 मध्येच, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांच्या तपासणीतच, बाहेर पडलो. दर उघडलासुद्धा गेला नाही. पंधरा दिवस खपून जमवलेली कागदपत्रं वाया गेली, ते अजून मनातून जात नाही. म्हणून या वेळी आधी विचारतोय.

दुसरं, इथे लोक सर्रास 15-20 टक्के बिलो जातात, म्हणजे अंदाजित किमतीपेक्षा तेवढा कमी दर भरतात. माझ्या टेंडरच्या अटीप्रमाणे 10 टक्के बिलोपर्यंत 1 टक्का अतिरिक्त सुरक्षा ठेव, 10 ते 15 मध्ये प्रत्येक टक्क्याला 1 आणि 15 च्या पुढे प्रत्येक टक्क्याला 2. म्हणजे 17 बिलो गेलो तर 1 + 5 + 4, एकूण 10 टक्के, 6 लाख 80 हजार. हिशेब बरोबर आहे ना?

ओळंबा: ठेवीचा हिशेब बरोबर आहे. बी ची व्याख्या मात्र टेंडरमधून शब्दन् शब्द वाचा. बहुतेक ठिकाणी ‘या कामाच्या मुदतीत पूर्ण करावयाची चालू व स्वीकृत कामे’ असं असतं. तसं असेल तर तुमचे 22.5 ग्राह्य. पण नुसता आकडा लिहून भागत नाही. हातातल्या कामांच्या प्रपत्रात कार्यादेशाची रक्कम, झालेलं काम, बाकी रक्कम आणि पूर्णत्वाची तारीख भरा आणि त्याला संबंधित कार्यकारी अभियंत्यांचा दाखला जोडा. तो नसेल तर तपासणारा पूर्ण बाकी रक्कमच धरणार, त्यात त्याची चूक नाही.

आणखी एक राहिलंय. ए ‘चालू किंमत पातळीवर’ आणायचा असतो. तुमची उलाढाल दोन वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा टेंडरमध्ये वाढीचा दर दिला असेल तर तो लावा आणि सनदी लेखापालाकडून तसं प्रमाणपत्र घ्या. 70.5 आणि 68 मधलं काठावरचं अडीच लाखांचं अंतर बरंच सैल होईल. एन मात्र 1 करू नका, 0.75 च ठेवा.

गिट्टीवाला: दरसूचीतला दर आणि तुमच्या खाणीपासूनचं खरं अंतर समोर ठेवून खडी-डांबराचं दर पृथक्करण करा, म्हणजे प्रत्येक बाबीचा खरा खर्च काढा, मग टक्का ठरवा. 17 बिलो जाऊन पावणेसात लाख अडकवायचे, वर 1 टक्का कामगार उपकर, विमा आणि दोष दायित्व कालावधीतली (काम संपल्यानंतरच्या ठरावीक काळातली) स्वखर्चाची दुरुस्ती. पहिल्याच खुल्या कामाला हे करू नका, मनापासून सांगतो.

धागाकर्ता: दोघांचे आभार. आत्ताच व्याख्या पाहिली, ‘निविदेतील कामाच्या मुदतीत’ हे शब्द आहेत. दाखल्यासाठी उद्या सकाळीच शाळेच्या कामाच्या विभागात अर्ज देतो. दर पृथक्करण रात्री बसून करतो. एकच विचारायचं राहिलं: दाखल्यावर उपअभियंत्यांची सही चालते का, की कार्यकारी अभियंत्यांचीच लागते? साहेब दौऱ्यावर आहेत.

ओळंबा: टेंडरमध्ये ‘कार्यकारी अभियंता दर्जापेक्षा कमी नाही’ असं असेल तर उपअभियंत्यांची चालणार नाही. अर्ज उद्याच आवक करून घ्या आणि पोच जपून ठेवा.